तीन मागितले, तीनही मिळाले

कोरड्या चारीत, म्हणजे कालव्यातून निघणाऱ्या पाटात, पाणी मिनिटाला पंचवीस मीटर चालतं. तळ ओला असेल तर पस्तीस ते चाळीस. हे आकडे मी कुठल्या पुस्तकातून घेतलेले नाहीत. अकरा वर्षं हातात घड्याळ धरून पाण्याबरोबर चालून काढलेले आहेत. पुणतांब्याच्या अलीकडे, कालव्यावर आमचं गाव आहे आणि गावाच्या पाणीवापर संस्थेचा मी सेक्रेटरी आहे. आपल्या वावरात पाणी किती वाजता पोचेल हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, आणि माझं उत्तर सहसा दहा मिनिटांपेक्षा जास्त चुकत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका गुरुवारी हाच हिशेब मला डांबरी रस्त्यावर उभं राहून एका माणसाच्या जिवासाठी करावा लागला. तेव्हापासून पाणी सुटल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून उठतो. घरात बायको बादलीत नळ सोडते, तेव्हासुद्धा. म्हणून काय झालं ते क्रमानं लिहून काढतो.

तो माणूस म्हणजे आमचा पाटकरी. चारीच्या तोंडाशी असलेलं लोखंडी गेट उघडून, मिटून, ठरलेल्या पाळीप्रमाणे पाणी वाटणं हे त्याचं काम. वय अठ्ठावन्न. अंगानं काटकुळा, म्हणून रस्त्याखालची मोरीही तोच साफ करतो. मोरी म्हणजे सिमेंटचे पाच पाइप एकापुढे एक, प्रत्येक आठ फुटांचा. चाळीस फूट लांबी आणि अडीच फूट व्यास. त्यात दर आवर्तनाला, म्हणजे दर खेपेला कालव्याचं पाणी सुटलं की, गाळ साचतो. पूर्वी तो आत उतरण्याआधी गेट बंद करायचा, फिरवायचं हँडल काढून खांद्यावर टाकून आणायचा आणि मोरीच्या तोंडाशी आडवं ठेवायचा. हँडल समोर दिसतंय तोवर दुसरा कुणी गेट उघडू शकत नाही. एवढा साधा बंदोबस्त होता, आणि तीस वर्षं त्याला कुणी काही सांगायला गेलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका योजनेतून गेटाला मोटर बसली. वर सोलरची पाटी, खाली बॅटरीची पेटी, पेटीत सिमकार्ड. कुणाची पाळी कधी, गेट किती उघडायचं, हे सगळं एका प्रोग्रॅमला सांगायचं आणि तो दूरच्या कंप्युटरवरून गेटाला हुकूम देणार. तो कंप्युटर कुणी द्यायचा, हे समजावून सांगायला नगरच्या एका ऑफिसातून एक मॅडम आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या असतील.

"आम्ही क्लाउड ब्रोकर आहोत," त्या म्हणाल्या.

आमच्यातल्या एका संचालकाचे चार एकर कांदे असतात. तो म्हणाला, "म्हंजी दलाल. कांद्याला हायेतच, आता ढगाला पन आले."

त्या हसल्या. म्हणाल्या, "कंप्युटर आमचे नाहीत, काका. मोठ्या तीन-चार कंपन्यांचे आहेत. कुठे मुंबईत, कुठे हैदराबादला. आम्ही त्यांच्याकडून घेतो आणि तुमच्यासारख्या लहान गिऱ्हाइकांना वाटतो. कुणाचं काम कुठल्या मशीनवर चालवायचं ते आमचा प्रोग्रॅमच ठरवतो. मध्ये माणूस नसतो."

"म्हणजे तो तुमचा पाटकरीच झाला," मी म्हणालो. मला ते चांगलं समजलं असं वाटलं.

आमचा पाटकरी दाराशी उकिडवा बसला होता. त्यानं विचारलं, "त्याला वळख चालती का? पुढाऱ्याचा फोन आला तर काय करतो?"

"त्याला ओळखही नाही आणि फोनही नाही, मामा. जेवढं मागाल तेवढं लगेच देतो."

"मंग त्यो पाटकरी न्हाई," तो म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसलो. त्या मॅडमचं वाक्य माझ्या कानावर पडलं होतं, पण आत शिरलं नव्हतं.

ते का शिरलं नाही ते सांगायला हवं. कालव्याचं पाणी मागायचा सात नंबरचा फॉर्म असतो. तीन एकर ऊस असेल तर आम्ही त्यात पाच एकर लिहितो. वरचे साहेब पाचाचे तीन करतात. हे साहेबांना माहीत आहे, आम्हाला माहीत आहे, आणि आम्हाला माहीत आहे हेही साहेबांना माहीत आहे. ज्यानं खरेच तीन लिहिले त्याला दोनाचं पाणी मिळतं. एका वर्षी मी खरे लिहिले होते आणि माझा पाऊण एकर ऊस उभ्यानं वाळला होता. माझ्या रजिस्टरात एका मिनिटाची खाडाखोड सापडणार नाही. पण मागणी वाढवून घालण्याला मी खोटं म्हणत नव्हतो. ती मागणीच तशी घालायची असते.

मॅडमनी माझ्या समोर त्यांचा फॉर्म उघडून ठेवला. त्यात एक ओळ होती: तुमचा प्रोग्रॅम एकाच वेळी किती ठिकाणी चालवायचा. त्या म्हणाल्या, "तुमच्या कामाला एक पुरेल, काका." साहेब लोकही नेहमी हेच म्हणतात. मला वाटलं, एक लिहिला तर ऐन आवर्तनात कुणा मोठ्या गिऱ्हाइकासाठी तोही काढून घेतील. मी तीन लिहिले. दोन कापले तरी एक उरेल. पहिल्या वर्षाचे पैसे योजनेतून होते, त्यामुळे जास्त मागायला अडवणारं काही नव्हतं. मॅडम तेव्हा चहा घेत होत्या. त्यांनी पाहिलं नाही, आणि कापायला मध्ये माणूस नव्हताच.

दोन महिने सगळं बिनबोभाट चाललं. गेट ठरल्या वेळी उघडे, ठरल्या वेळी बंद होई. मोबाईलवर प्रत्येक निरोप तीन-तीनदा येई: गेट उघडले, गेट उघडले, गेट उघडले. मी तिन्हींची वेळ रजिस्टरात टिपून ठेवायचो. मला ती त्यांच्या कामातली काळजी वाटायची.

जानेवारीच्या आवर्तनात मोरी तुंबली. बुधवारी पाणी रस्त्यावर आलं. गुरुवारी अकरा वाजता आमच्या चारीची पुढची पाळी होती, म्हणजे गेटाच्या मागे कालवा काठोकाठ भरलेला होता. ती पाळी दुपारवर ढकलायची आणि मधल्या वेळात गाळ काढायचा असं ठरलं. सकाळी साडेनऊला मी मोबाईलवर 'आज रोखून ठेवा' दाबलं. पडद्यावर आलं: गेट बंद, रोखून ठेवले. त्या वेळी निरोप एकदाच आला. हे मी टिपलं होतं. टिपलं, आणि त्याचा विचार केला नाही.

मोरीवर आल्यावर पाटकऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं. "हँडल न्हाई आनलं?"

"हँडल आता कशाला? मोटरला हँडल लागत नाही. हे बघ, बंद आहे." मी त्याला पडदा दाखवला.

त्याला वाचता येतं, पण त्यानं वाचलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं. "तुमी म्हनताय ना बंद हाय? मंग झालं," असं म्हणून त्यानं बंडी काढली, लहान दांड्याचं खोरं घेतलं आणि खालच्या तोंडानं आत शिरला. डोकं पुढे, पाय मागे. घमेल्याला दोर होता. तो भरून 'ओढा' म्हणायचा आणि मी बाहेर ओढून गाळ बांधावर टाकायचो. आत वळायला जागा नसते. बाहेर यायचं तर गुडघ्यांवर मागे सरकत यावं लागतं.

अकरा वाजेपर्यंत एकोणीस घमेली निघाली. त्याचे तळवे तिसऱ्या पाइपाच्या शेवटाकडे, म्हणजे अंदाजे वीस-बावीस फूट आत होते. मी रस्त्याच्या खालच्या अंगाला होतो. वरची चारी आणि गेट मला तिथून दिसत नव्हतं, मध्ये रस्त्याचा भराव होता.

खिशात मोबाईल थरथरला. चष्मा घामानं धुरकट झाला होता. पुसून वाचलं: गेट उघडले, ३५ सेंटीमीटर. तोच निरोप दोनदा आला होता. मला वाटलं कालचा निरोप उशिरा आला असेल. वेळ पाहिली. अकरा वाजून दोन मिनिटं.

मी 'बंद' दाबलं. पडद्यावर आलं: गेट बंद. मी मोबाईल खिशात टाकत होतो, तो पुन्हा थरथर: गेट उघडले. मी पुन्हा दाबलं. बंद. अर्ध्या मिनिटात पुन्हा: उघडले. माझ्या बोटाखाली कुणीतरी माझ्याशी भांडत होतं, आणि ते कोण आहे ते मला कळत नव्हतं. चौथ्यांदा दाबायला बोट उचललं आणि लक्षात आलं की पडद्यावर काय लिहिलंय याला काही अर्थ नाही. पाणी आलंय का ते डोळ्यांनी पाहायला हवं.

भरावावर चढलो. गेट तिथून दोनशे ऐंशी मीटर. उघडं की बंद ते त्या अंतरावरून कळत नव्हतं. पण चारीच्या मध्यावर मला बगळे दिसले. सात-आठ असतील. पाणी येतं तेव्हा तळातले किडे बाहेर पडतात आणि बगळे पाण्याच्या तोंडापुढे चालत येतात. ते पांढरे बगळे मान पुढे काढून, घाई न करता, माझ्या दिशेनं चालत होते.

मी हिशेब केला. करायचा म्हणून केला नाही, तो आपोआप झाला. बगळे साधारण दीडशे मीटरवर. काल पाणी येऊन गेलेलं, म्हणजे तळ ओला. चाळीसनं भागलं तर पावणेचार मिनिटं. गेटापर्यंत धावत जायला माझ्या गुडघ्याला तीन मिनिटं, आणि तिथे जाऊन करणार काय? हँडल संस्थेच्या कपाटात होतं. ते मीच कुलपात ठेवलं होतं.

मी खाली उतरलो की घसरलो ते आठवत नाही. मोरीच्या तोंडात डोकं घालून ओरडलो, "बाहेर ये, पाणी आलं." आत आवाज घुमतो, शब्द राहत नाहीत. त्याला वाटलं मी घमेलं मागतोय. आतून आवाज आला, "भरलं न्हाई आजून. दमा की जरा."

मी पुन्हा ओरडलो. खोऱ्याची खरखर चालूच राहिली.

आयुष्यात मी त्या मोरीत कधी गेलो नव्हतो. मी आत शिरलो. पोट टेकलं, कोपरं सोलवटली, पुढे काळोख, आणि नाकात कुजलेल्या पाल्याचा वास. मनात आकडे चालूच होते. सव्वातीन. तीन. आठ फूट. बारा फूट. एक वेळ अशी आली की मी थांबलो. हे लिहायला मला जड जातंय, पण थांबलो. मला वाटलं, मागे सरकावं. दोघं अडकण्यापेक्षा एक बरा, असा विचारसुद्धा मनात नीट वाक्य होऊन आला. किती वेळ थांबलो ते मला सांगता येत नाही, आणि वेळ सांगता येत नाही असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

मग पुढे सरकलो आणि हाताला त्याची टाच लागली. मी ती धरून ओढली.

"आरं पाय सोडा की. काय लावलंय?"

"पाणी," मी म्हणालो. इतक्या जवळून त्याला ऐकू गेलं.

त्यानं खोरं तिथेच टाकलं. तो मागे सरकू लागला आणि त्याचे तळवे माझ्या हनुवटीवर आपटू लागले, कारण मी त्याच्याइतका चपळ नव्हतो. बाहेर पडणाऱ्या रस्त्यात आता मीच अडसर होतो. मी उलटा सरकत होतो आणि त्याचे पाय मला ढकलत होते. माझी कंबर बाहेर आली, मग खांदे. मी बाजूला पडलो आणि त्याला पोटऱ्या धरून खेचलं. तो चिखलात पाठीवर पडला.

मोरीतून आधी गार वारा आला. त्याच्यामागे वाळकी पानं, फेस, एक प्लॅस्टिकची बाटली. मग पाणी. अर्धा पाइप गाळानं भरलेला, त्यामुळे ते छताला टेकून आलं. त्याचं खोरं पाण्याबरोबर बाहेर आलं आणि आमच्या पायांजवळून पुढे गेलं.

आम्ही दोघं बांधावर बसलो. त्यानं आपली बंडी शोधून अंगात घातली, बटणं लावली आणि म्हणाला, "तुमी तर बंद हाय म्हनला हुता."

तो उठला, गेटापर्यंत चालत गेला आणि पेटीतली बॅटरीची वायर उपटून परत आला.

तिथूनच मी नगरला मॅडमना फोन लावला. त्यांनी त्यांच्याकडची नोंद उघडली. मग म्हणाल्या, "काका, तुमच्याकडे तीन प्रती चालू आहेत. तीन वेगवेगळ्या मशीनवर. सकाळचं 'रोखून ठेवा' त्यातल्या एकीला पोचलं. बाकी दोघींकडे जुनंच वेळापत्रक होतं. त्यांना अकराला गेट बंद दिसलं, म्हणून त्यांनी उघडलं. तुम्ही बंद केलं की त्या परत उघडणार."

"मग एवढे दिवस काही कसं झालं नाही?"

"एवढे दिवस तुम्ही वेळापत्रक मोडलं नव्हतं. तिघी एकच काम करत होत्या." मग त्या म्हणाल्या, "तीन कुणी मागितले, काका?"

"बघतो," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

त्यानंतरचे तीन दिवस मी पाण्याला भ्यालो त्यापेक्षा त्या एका आकड्याला जास्त भ्यालो. रविवारी संस्थेची बैठक लागली. संचालक कंपनीवर चिडले होते. ब्रोकरला कडक पत्र पाठवायचं ठरत होतं, आणि पत्र लिहिणारा मीच. फॉर्म कुणी पाहिला नव्हता. मी पेन उघडलं तर कुणी मला विचारणार नव्हतं.

पाटकऱ्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली. बैठकीला ती कधी येत नाही. पदर खोचलेला, हातात खुरपं. वावरातूनच आली होती. तिनं कुणाला नमस्कार केला नाही. मला म्हणाली, "मशीन बिघडलं हुतं का?"

"नाही. त्याला जे सांगितलं होतं तेच त्यानं केलं."

"मंग सांगितलं कुनी?"

मी पेनाचं टोपण लावलं. "मी. एक पुरत होता. मी तीन लिहिले. दोन कापतील असं वाटलं म्हणून."

कांदेवाल्या संचालकानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. आवर्तनाला तोही पाचाचे आठ एकर लिहितो. पाटकरी मात्र हसला. "तीन मागितले आन तीनी दिले? लई इमानी निघालं की. आपल्यात न्हाई टिकायचं ते."

त्याची बायको हसली नाही. "म्होरल्या टायमाला तुमी आत जायचं," ती मला म्हणाली. "ह्ये गेटावर बसतील."

अध्यक्ष म्हणाले, "आगं वहिनी, सेक्रेटरींचं वय, गुडघा..."

"ह्यांचं वय काय हाय मंग?"

बैठकीत झालं तेवढं सगळं मी इतिवृत्तात लिहितो. हेही लिहिलं. पत्र पाठवलं नाही. त्याच संध्याकाळी फॉर्म उघडून तिनाचा एक केला. लगेच मंजूर झाला. कुणी विचारलं नाही की का.

फेब्रुवारीच्या आवर्तनाआधी मी आत गेलो. पडद्यावर प्रतींचा आकडा एक होता, तो मी सकाळी दोनदा पाहिला होता. गेट बंद असल्याचं डोळ्यांनी पाहून बॅटरीची वायर मी माझ्या हातानं काढली होती. पाटकरी गेटावर बसला होता, आणि मोरीच्या तोंडाशी दोर धरून त्याची बायको उभी होती. यात चुकायला कुठे जागा नव्हती. मी प्रत्येक गोष्ट तपासली होती.

पहिला सांधा, आठ. दुसरा, सोळा. तिसऱ्या सांध्याशी माझा हात खोऱ्यावर थांबला. तळाशी ओल होती, ती कोपराला गार लागली. ती आधीची ओल आहे की आत्ताची, हे मला कळेना. मी श्वास धरून ऐकू लागलो. पुढच्या तोंडाचा उजेड एका ताटाएवढा दिसत होता. त्यात काही हलतंय का ते पाहत राहिलो. माझ्या कानातलं रक्त मला ऐकू येत होतं, आणि पाणी दुरून येतं तेव्हा तसाच आवाज येतो.

मागून तिचा आवाज घुमत आला. शब्द कळले नाहीत. 'ओढू का' म्हणाली असेल, किंवा 'बाहेर या' म्हणाली असेल. दोन्ही आतून एकसारखंच ऐकू येतं, हे मला तेव्हा कळलं.

मी वाट पाहिली. ती पुन्हा काही बोलली नाही. मग मी घमेलं भरलं आणि ओरडून म्हणालो, "ओढा." दोर ताणला गेला, घमेलं माझ्या बरगड्यांना घासत मागे गेलं. पुढे अजून सोळा फूट गाळ होता.